म्हाताऱ्याच्या स्वप्नातले सिंह

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' होती. गाइडात प्रत्येक गोष्टीपुढे तिचा अर्थ छापलेला. मासा म्हणजे निसर्ग, खांद्यावरची डोलकाठी म्हणजे ख्रिस्ताचा क्रूस, सिंह म्हणजे तारुण्य. मी तेच लिहिलं, गुणही पडले. सिंह मात्र डोक्यातून जाईनात. 84 दिवस एकही मासा न लागलेला क्यूबाचा म्हातारा सांतियागो, आणि त्याच्या स्वप्नात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सिंह कशाला?

नोकरीला लागल्यावर पु.लं.नी केलेला अनुवाद हाती आला, 'एका कोळियाने'. नावापाशीच मी कितीतरी वेळ थांबलो. आपल्याकडे जाळं टाकणाराही कोळी, आणि जाळं विणताना पडून पुन्हा वर चढणाराही कोळीच. हे प्रतीक मूळ इंग्रजीत नाही. ते मराठीनं त्या पुस्तकाला दिलं.

पुस्तकात प्रतीकं नाहीतच, असं खुद्द हेमिंग्वेनं 1952 साली, कादंबरी आली त्याच वर्षी, कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना पत्रातून कळवलं होतं. हे वाचलं तेव्हा गाइडाचा फार राग आला.

मग वडील आजारी पडले. शेवटच्या दिवसांत ते झोपेत बैलांना हाका मारायचे. "हौश्या, चांद्या, चला रे पाण्यावर." ही जोडी माझ्या जन्माआधीची, मी ती कधी पाहिलीही नाही. आईचं नाव त्यांच्या तोंडून येत नव्हतं, आम्हा भावंडांचं येत नव्हतं. वीस वर्षं कोर्टात लढवलेल्या बांधाचाही शब्द नाही.

सांतियागोचंही असंच. त्याच्या स्वप्नांतून वादळं गेली, मारामाऱ्या गेल्या, मोठाले मासे गेले, बायकोसुद्धा गेली. पोरवयात जहाजावरून पाहिलेले, संध्याकाळच्या वाळूत मांजरांसारखे खेळणारे सिंह तेवढे राहिले. गाइडातला 'तारुण्य' हा शब्द चूक नव्हता, तोकडा होता. माशाला मारावं लागतं, विकावं लागतं. सिंहांकडून म्हाताऱ्याला काहीच नको असतं. वडीलही हौश्या-चांद्याला जुंपत नव्हते, पाण्यावर नेत होते.

शेवटच्या पानावर शार्कनी खाल्लेल्या त्या 18 फुटी माशाचा सांगाडा किनाऱ्याशी हेलकावतोय आणि एक पर्यटक बाई त्यालाच शार्क समजतेय. वर झोपडीत म्हातारा पालथा झोपलाय, त्याला सिंह दिसताहेत. पोरगा, मनोलिन, नुसता शेजारी बसून आहे.

त्या रात्री नर्स गोळी घेऊन आली. वडिलांचे ओठ हलत होते. "उठवू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, थोडं थांबा, ते नदीवर गेलेत.