घाटाच्या पायथ्याचं घर

पूर्वी पेठेतली मुलगी कात्रजला दिली, की बायका म्हणायच्या, "अगंबाई, म्हणजे घाटातच दिली की!" स्वारगेटपासून हे अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर, पण तेव्हा ते परगावच वाटे. १९९७ साली कात्रज महापालिकेच्या हद्दीत आलं. आता सातारा रस्त्याने जाताना पुणं कुठं संपलं आणि कात्रज कुठं सुरू झालं, ते सांगता येत नाही.

आमच्या वन्संचं घर इथलंच. खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर एक खोली, पुढे ओटा, मागे कढीपत्ता आणि जास्वंद. मुलं म्हणतात, "आई, हे विका आता. बाणेरला आमच्याजवळ या." वन्संनी लगेच हो-नाही केलं नाही. वाण्याच्या वहीत मांडावा तसा जमाखर्च मांडला.

जमेला काय? गावातच १९६० सालापासूनची कात्रज डेअरी, त्यामुळे दूध, दही, श्रीखंडाची ददात नाही. बसचं मोठं ठिकाण असल्यानं निगडीपर्यंत गाडी मिळते. नातवंडं आली की राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. १९८६ साली सुरू झालेलं सर्पोद्यान इथं होतंच. पुढे पेशवे पार्कातले प्राणीही इकडे आले. (बुधवारी बंद असतं बरं का, पाहुण्यांना घेऊन हेलपाटा घालू नका!) स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. जावईबापू म्हणतात, "भाव वाढेल, थांबा."

खर्चाच्या बाजूला चौकातली वाहनांची कोंडी, धूळ आणि पाणी. पाण्याचीच गंमत पाहा. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी इथं तलाव बांधून दगडी नळानं पाणी थेट शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत नेलं. ना पंप, ना वीज, केवळ उतारावर! नळात हवा खेळावी म्हणून वाटेत बांधलेले उसासे काही ठिकाणी अजून दिसतात.

तोच उतार २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री वैरी झाला. कात्रजकडून येणारा आंबील ओढा फुगला आणि खालच्या वस्त्यांत शिरला. भिंती पडल्या, माणसं दगावली. वन्संचं घर चढावर, म्हणून कोरडं राहिलं. ओढ्याकाठचं एक कुटुंब मात्र त्या रात्री त्यांच्या वरच्या खोलीत आलं. वन्संनी पिठलं-भात टाकला आणि मुलांची भिजलेली पुस्तकं रात्रभर पंख्याखाली वाळवली. पुढं वन्सं पाय मुरगळून पडल्या, तेव्हा याच कुटुंबातल्या सूनबाईनं तीन आठवडे डबा दिला.

ही रक्कम वहीत कुठं लिहायची? वन्संनी मुलांना कळवलंय, "हातपाय चालताहेत तोवर इथंच. मग बघू." मुलं थोडी रुसली आहेत; पण महिन्यातून एक रविवार ओट्यावर पंगत बसू लागली आहे.

मैत्रिणींनो, उपनगरात घर बघायला जाल तेव्हा ओटा आणि कपाटं जरूर पाहा; पण एकदा भर पावसातही जाऊन या. पाणी कुठून येतं नि कुठं जातं, ते जुन्या रहिवाशांना विचारा. आणि शेजारच्या घरी पाणी मागून प्या. पेला हातात देताना घरची बाई दोन शब्द बोलते का, तेही पाहून ठेवा.