तेवढं सोडा

परवा सकाळी शेजारच्या बंगल्याकडून फवारणीचा उग्र वास आला आणि माझं लक्ष पहिल्यांदा जास्वंदीकडे गेलं. तिथे शिंपी पक्ष्याचं घरटं आहे. पानांच्या कडा टोचून कोळिष्टकाने, कापसाने शिवलेल्या. प्रत्येक टाक्याबाहेर कापसाचं एवढंसं बोंड.

कासार आंबोलीत बंगले वाढले तसे बागेच्या देखभालीचे वार्षिक करार आले. कीड असो नसो, ठरल्या तारखेला फवारणी. माझा राग त्या तारखांवर आहे.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच. आधी मुंग्या बघाव्यात. त्याचा गोड चिकटा चाटायला त्या येतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. खोडावरची त्यांची वाट मोडावी, फार लागलेला शेंडा कापून पिशवीत बांधावा, घरट्यापासून लांब पाण्याची धार मारावी. पांढरं दिसेल ते सगळं मात्र चिरडू नये. क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळीही तशीच पांढरी, मेणाच्या झालरीची असते. ती ढेकूणच खाते. उरलेला मावा, अळ्या शिंपीण पिल्लांना भरवते. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत जेमतेम महिना लागतो.

माझ्या लहानपणी हिवतापाच्या मोहिमेतली माणसं घरोघरी डीडीटी मारायची, भिंतीवर तारीख लिहून जायची. आजी सगळं घर उघडून द्यायची. फक्त तसबिरीमागच्या चिमणीच्या घरट्यापुढे हात आडवा धरायची. "तेवढं सोडा. बाळंतीण आहे ती."

तिकडे अमेरिकेत, मिशिगनच्या एका विद्यापीठात, १९५४ पासून एल्म झाडांवर डीडीटी मारत होते. गळलेली पानं गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी, आणि पक्षी मेले. रेचल कार्सनने १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हे लिहिलं. आजीपर्यंत ते कुठून पोचणार? तिला बाळंतीण तेवढी कळत होती.

फवारून झालं की आजी त्या माणसांना हात धुवायला गरम पाणी द्यायची, मग चहा. त्यांच्या नाकाला काही बांधलेलं असायचं का, ते आठवत नाही. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हापासून मी ते आठवायचा प्रयत्न करते आहे. आमच्याकडे पाठीवर पंप घेऊन येणारी पोरं उघड्या तोंडानेच फवारतात. करारात तारखा असतात. हातमोजे, मास्क कुठेच नसतात. बंगलेवाल्यांच्या पुढच्या सभेत घरट्याच्या आधी मी या पोरांचं काढणार आहे.