आयंबिलाची ओळी वेगळी, हे पथ्य वेगळं



दौंडला दिलेल्या माझ्या धाकट्या नणंदेचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन मार्गशीर्षात पुण्याला झालं. तिला विचारूनच लिहिते आहे. ऑपरेशनचं काय ते डॉक्टर सांगतात, पण त्याआधी १४ दिवसांचं पथ्य असतं. ते आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या नियमांत बसवायचं काम माझ्याकडे आलं. तिची सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून मी शिरूरहून न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंडला जाऊन राहिले. ऊसतोडीचे दिवस, वाटेत गुऱ्हाळांचा वास गाडीत शिरत होता आणि मी चाललेय कुणाची तरी साखर बंद करायला!

तिचं वजन ११२ किलो. मधुमेह १२ वर्षांचा, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून मशीन लावायची. तरी स्थानकात एकीने विचारलंच, "वर्षीतप केलेल्या बाईला ऑपरेशन कशाला?" मला राग आला. वर्षीतप म्हणजे एक दिवस उपवास, एक दिवस बियासणं, असं १३ महिन्यांच्या वर चालतं आणि अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं होतं. ते तिने निर्जरेसाठी केलं, वजनकाट्यासाठी नाही. तपाचा हिशेब किलोत मागणारे आपण कोण?

दुसरी एक म्हणाली, "पथ्यच आहे ना, मग आयंबिलाची ओळी समजून कर." हे प्रेमाने सांगितलं होतं, आणि हेच सगळ्यांत चुकीचं होतं.

डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. जाड माणसाच्या यकृतात चरबी साठून ते मोठं आणि जड होतं. दुर्बिणीने ऑपरेशन करताना तोच भाग उचलून धरावा लागतो. मोठा असेल तर जठर नीट दिसत नाही, फाटून रक्तस्राव होण्याची भीती. आता यकृतात पिठाची साखरही साठवलेली असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी. पोळी, भात, साखर बंद केली की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं, मग चरबी उतरू लागते. दोन आठवड्यांत यकृत लहान आणि मऊ होतं. म्हणजे पथ्य आहे ते यकृतासाठी. काटा खाली येतो तो त्याच्या जोडीने.

आता आयंबिल बघा. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर सगळ्या विगया बंद. चालतं काय, तर लुखी रोटी, खाखरा, भात, इडली, डाळ. आणि इथे? रोटी-भात बंद, आणि आधार कशाचा, तर दूध आणि पनीरचा! एक पान दुसऱ्याच्या अगदी उलट. नऊ दिवस हसत आयंबिल करणाऱ्या बाईने तेच इथे केलं तर यकृत आहे तसंच राहायचं.

दिवसाला साधारण ८०० कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रथिनं असं लिहून दिलं होतं. मी बी. कॉम. झालेली, वही घातलीच. साय काढलेलं दूध तीन पेले, २० ग्रॅम. प्रोटीन पावडर २५. कमी चरबीचं पनीर ७० ग्रॅम, त्यातून १३. मूठभर मूग शिजवून घोटून गाळलेलं सार, ७. जमा बरोबर ६५. बाकी दुधी, टोमॅटो, पडवळाचं सूप. आहारतज्ज्ञ बाईंच्या छापील कागदावर गाजर-बीटचं सूप आणि अंड्याचा पांढरा भाग होता. कंदमूळही चालत नाही म्हटल्यावर त्यांनी शांतपणे खोडून दुधी लिहिला. आपण सांगितलं की ऐकतात, सांगायला लाजू नका. ताक आणि मुगाचं सार मी एका वेळी दिलं नाही, द्विदळ आमच्याकडे पाळतात. तयार सुपाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असला तरी आत कांदा-लसूण असतो, हे मागची बारीक अक्षरं वाचल्यावर कळतं. जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, ते प्राण्यांपासून बनतं; आम्ही गोळी मागून घेतली.

सहाव्या दिवशी चौदस आली. सकाळीच म्हणाली, "भाभी, आज उपवास करते. दोन कामं एकदम होतील." चेहरा एवढा उजळलेला की नाही म्हणवेना. पण साखरेच्या गोळ्या चालू, खाणं आधीच निम्म्याहून कमी. (पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या होत्या आणि रोज बोट टोचून साखर बघायला सांगितलं होतं.) शिवाय प्रथिनं चुकली तर शरीर स्नायू मोडून खातं, आणि टाके भरायला तेच लागतात. फोन लावला, डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उपवास करणं तिला सोपं होतं, दर तीन तासांनी चमच्याने सूप पिणं अवघड. उपवासात मान असतो, सुपात काय असतं!

दौंडात तेव्हा साध्वीजी होत्या, त्यांच्याकडे गेलो. मोठा प्रश्न वेळेचा होता. ती रोज नवकारसी आणि चौविहार करते. हिवाळ्यात सूर्योदय सातला, त्यावर ४८ मिनिटं, आणि सहाला सूर्यास्त. सव्वादहा तासांत सहा वेळचं खाणं आणि दोन लिटर पाणी बसवायचं. महाराजसाहेब म्हणाल्या, पच्चक्खाणातच आजारासाठी आगार ठेवलेला आहे, तो शास्त्राने दिलाय, तुमची सोय म्हणून काढलेला नाही. मग चौविहाराऐवजी तिविहार ठरला. खाणं सूर्यास्ताआधी, नंतर फक्त उकळलेलं पाणी. ऊनोदरीही बाह्य तपातच आहे, असंही त्या म्हणाल्या, पण ती घरी येताना मलाच म्हणाली, "हे तप नाही भाभी, औषधच आहे." बरोबर बोलली. पच्चक्खाण न घेता, ऑपरेशनसाठी केलेल्या गोष्टीला तप म्हणवून घ्यायचा मोह तिला नव्हता.

दहाव्या रात्री ती झोपेना. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली होती, तुम्हालाही आठवत असेल. तिलाही आधी द्रव आहारच दिला होता, मार्चमध्ये ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरमध्ये ती अबू धाबीत वारली. नणंदेला शेवट तेवढाच आठवत होता. मी म्हटलं, ती ५०० किलोच्या आसपास होती, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, हृदय-मूत्रपिंडाचे आजार. तू भाजी आणायला चालत जातेस. नवकार म्हणत दोघी पहाटेपर्यंत बसून होतो.

चौदाव्या दिवशी वजन १०६ किलो ५०० ग्रॅम. ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, यकृत सहज उचललं गेलं. मी वही पर्समध्ये ठेवून दिली.

चैत्राच्या ओळीबद्दल तिने विचारून घेतलंय. यंदा नाही, असं उत्तर आलंय. ती आयंबिल खात्यात वाढायला जाणार आहे.