आधी शिफ्ट सांगा

तालमीच्या खोलीत कुणाला नोकरी विचारायची नाही, हा नियम आमच्या हौशी नाट्यगटात मीच आणला. त्यामागे कारण होतं. आमच्या संत तुकाराम नगरात माणूस कंपनीवरून ओळखला जायचा. हा ‘एचए’तला, तो ‘टेल्को’तला, एवढं कळलं की पगार, बोनस आणि लग्नाच्या बाजारातला भाव आपोआप समजायचा. संध्याकाळचे दोन तास तरी ते मोजमाप नको, असं मला मनापासून वाटे. चप्पल बाहेर, हुद्दा बाहेर, आत सगळे नट. ऐकणाऱ्याला छान वाटायचं. मलाही वाटायचं.

आता मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारतो, काम काय करता, शिफ्ट कोणती, खाडा पडला तर पैसे कापतात का?

गटात चाकणला कंत्राटावर जाणारा एक पोरगा होता. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, पण आठवड्याआड गायब. ‘बांधिलकी नाही’ म्हणून मी त्याची भूमिका दुसऱ्याला दिली. तो काही बोलला नाही. बोलणार कसा? नोकरीचा विषय काढायलाच बंदी होती. पुढे आमच्यातल्या प्रेस शॉपवाल्या मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “अहो, त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. सेकंड लागली की संपलंच. फर्स्ट असली तरी मोशी-भोसरीच्या गर्दीतून बस कधी पोचायची? तुमचं काय, जनरल शिफ्ट, परमनंट!”

माझं खरंच काय होतं? स्टोअर्समधली नोकरी, खात्यावर शिल्लक रजा, प्रयोगाच्या दिवशी हाफ डे. समतेचा नियम करणं मला परवडत होतं. त्याचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि जास्त पडले तर कंत्राटदाराला दुसरा पोरगा मिळत होता.

एक गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. पुण्याच्या रंगभूमीबद्दल बोलताना आपण नोकरीधंदा अगदी आवर्जून सांगतो. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात. 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं तेव्हा त्यातली मुख्य माणसं पोटासाठी दुसरं काही करणारी होती, याचं केवढं कौतुक! लागूंनी 1969मध्ये डॉक्टरकी सोडली, तोही त्यागच म्हणून सांगितला जातो, आणि होताच तो. पण फिटर, हेल्पर, रिक्षावाला म्हटलं की ‘कलेला जात नसते, हुद्दा नसतो’ हे आपल्याला आठवतं. डॉक्टरचा हुद्दा मात्र कलेला चालतो.

कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेला तर आमच्यातले कितीतरी जण उभे राहिलेले. त्या मंडळाचा निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापला जातो. आधी 12 रुपये जायचे, आता 25 जातात. म्हणजे या रंगभूमीचा पाया पगाराच्या चिठ्ठीतच आहे, आणि मी तीच चिठ्ठी दाराबाहेर ठेवा म्हणत होतो.

विचारायला लागल्यावर बाकीचंही कळत गेलं. मामा समोरच्या नटाकडे कधी पाठ करत नाहीत, त्याला मी अभिनयातली शिस्त समजायचो. प्रेसच्या धडधडीत त्यांचे कान गेलेत. ते ओठांवरून क्यू उचलतात. आता त्यांच्याशी बोलणाऱ्या पात्राने तोंड फिरवायचं नाही, एवढं आम्ही हालचाली बसवतानाच ठरवतो. टूलरूमचा फिटर नेपथ्याचे फ्लॅट बोल्टवर जोडतो. अत्रे रंगमंदिरात मिळणारा अपुरा वेळ त्याच्यामुळे पुरतो. मोठी तालीम गुरुवारी, कारण एमआयडीसीतल्या पुष्कळांना तेव्हाच सुट्टी. ज्यांची शिफ्ट फिरती त्यांच्या भूमिका दोघांकडून बसवून घेतो. याने नाटक थोडं बिघडतं, खोटं कशाला बोलू? दोघांपैकी एक नेहमी कच्चा राहतो. पण तो चाकणचा पोरगा परत आला.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. आमच्यातल्या एक ताई रुग्णालयात नर्स आहेत. नव्या नाटकात दवाखान्याचा प्रवेश होता, मी उत्साहाने म्हणालो, “ताई, हे तुमच्याच घरचं.” त्या भडकल्या. “दिवसभर तेच करते. इथे पण सलाईनच लावू का? शिफ्ट विचारा, ती सांगीन. त्याच्या पुढे जाऊ नका.”

मग नर्सचं काम रिक्षावाल्याच्या बायकोला दिलं. ताईंनी सावकारीण मागून घेतली आणि तालमीत अशी काही वसुली केली की फिटरला पुढचं वाक्य आठवेना.