विंध्यगिरीच्या पायथ्याशी

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर जाणारा यात्रेकरू पायथ्याशी पादत्राणे उतरवतो. खडकात कोरलेल्या 600 हून अधिक पायऱ्या तो अनवाणी चढतो. मोबाइल मात्र खिशातच राहतो.

अर्ध्या वाटेवर मागे वळले की खाली कल्याणी सरोवर आणि पलीकडे चंद्रगिरी दिसतो. परंपरेनुसार भद्रबाहुस्वामींनी सल्लेखना घेतली ती हीच टेकडी. नेमकी तेव्हाच पेढीवरून विचारणा येते : माल उतरवून घ्यावा काय, आणि कोणत्या भावाने? कठड्याला टेकून भाव ठरतो. चंद्रगिरी पाहायचा राहून जातो.

माथ्यावर सुमारे 57 फूट उंचीचे गोमटेश्वर बाहुबली उभे आहेत. गंग राजांचे मंत्री चामुंडराय यांनी इसवी सन 981 च्या सुमारास ही अखंड पाषाणमूर्ती घडविली. पायाशी प्राचीन मराठी शिलालेख आहे, मांड्यांवर व बाहूंवर वेली चढल्या आहेत. बाहुबली वर्षभर निश्चल होते. तरीही ‘आपण भरताच्या भूमीवर उभे आहोत’ एवढे शल्य मनात होते, तोवर केवलज्ञान झाले नाही, असे परंपरा सांगते.

रात्री धर्मशाळेत नातू विचारतो, “आजोबा, मूर्तीजवळच्या वारुळांतून काय बाहेर येत होते?” आजोबांना ते सर्प आठवत नाहीत, मालाचा भाव आठवतो.

दोष केवळ यंत्राचा नाही. पूर्वी मुलगा हाताशी येईपर्यंत व्यापाऱ्याची यात्रा लांबणीवर पडे. आज पेढी चालू ठेवून चार दिवस निघता येते, घरी अंथरुणाला खिळलेल्या आईलाही दर्शन घडविता येते. ही जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सापडते. देशव्रत म्हणजे ठरावीक काळापुरती क्षेत्राची मर्यादा. तिच्या बाहेरून वस्तू मागविणे, दुसऱ्याला पाठवून काम करविणे, आवाज देणे, रूप दाखवून खूण करणे, हे सारे तेथे अतिचार म्हटले आहेत. पाय मर्यादेत राहिले तरी व्यवहार बाहेर गेला की व्रत मलिन होते, हा त्याचा आशय. खिशातील यंत्र ही चारही कामे बसल्या जागी करून देते.

उपायही व्रताच्याच रीतीचा आहे. चढण्यापूर्वी पेढीला वेळ कळवावी, आईच्या दर्शनासाठी घरातील एकाकडे एक मोबाइल द्यावा, बाकीचे धर्मशाळेत कुलुपात ठेवावेत. पादत्राणे उतरविण्यास कोणी कुरकुर करीत नाही. दोन तासांसाठी आणखी एक वस्तू उतरवावी, इतकेच.