सालीखालची मिरची

काल रात्रीपासून बोटांना भाजलेल्या मिरचीचा वास येतोय आणि मला तो जाऊच नये असं वाटतंय! काल सॅन अँटोनिओतल्या आमच्या घरी मी पहिल्यांदा चिले रेयेनो केले. रेयेनो म्हणजे भरलेला. म्हणजे भरली मिरचीच की, मला वाटलं, यात नवीन ते काय? सगळंच नवीन होतं!

मूळच्या मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या असलेल्या शेजारच्या सेन्योरा मिरच्या घेऊनच आल्या होत्या. या मिरचीचं नावच पोब्लानो, प्वेब्लाची. हाताच्या पंजाएवढी, खांद्याला रुंद, खाली निमुळती, आणि हिरवा रंग इतका गडद की देठापाशी काळाच वाटावा. तिखट बेताचीच. स्कोव्हिल मापावर साधारण १,००० ते २,०००. आपल्याकडे मिरची घालायची ती तिखटासाठी. इथे मिरची हीच भाजी!

भाजणं मला येत होतं, भरताच्या वांग्याने शिकवलेलं. थेट गॅसवर, चारी बाजूंनी साल काळी होऊन तडतडेपर्यंत. मग पातेल्यात घालून वर झाकण, पंधरा मिनिटं. वाफेने साल सुटते. मी सवयीने नळाखाली धरायला गेले, तर सेन्योरांनी हातच धरला. पाण्याबरोबर भाजल्याची चव वाहून जाते, बोटांनीच सोला, म्हणाल्या. आणि तो पातळ, करपलेला पापुद्रा निघाला की खाली काय दिसतं! ओलसर, मऊ, शेवाळी हिरवा गर, त्याला धुराचा आणि किंचित गोडसर असा वास. इतकी वर्षं मिरची खातेय, पण सालीखालची मिरची मला काल भेटली.

एक उभी चीर, अलगद बिया काढायच्या, देठ तसाच ठेवायचा. आत केसियो, म्हणजे ओआहाकाचं चीज. लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं असतं, धागे सोडवत भरायचं. चीर टूथपिकने टाचायची, वरून कोरडा मैदा भुरभुरायचा, नाहीतर ओल्या मिरचीवर पुढचं आवरण ठरत नाही.

आणि ते आवरण! बेसन नाही, पाणी नाही, नुसती अंडी. सहा मिरच्यांना चार. आधी पांढरं तेवढं फेटायचं, भांडं उपडं केलं तरी पडणार नाही इतकं घट्ट. मग एकेक पिवळा बलक हलक्या हाताने मिसळायचा. याला म्हणतात कापेआदो. मिरची देठाला धरून त्या ढगात बुडवली आणि गरम तेलात सोडली, तर ती डोळ्यांसमोर फुगली! झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं. सोनेरी, उशीसारखी.

मग सेन्योरांनी ती कुरकुरीत मिरची चक्क टोमॅटोच्या पातळ रश्श्यात ठेवली. कांदा, लसूण, टोमॅटो वाटून, गाळून, तेलावर परतून, कोंबडीच्या सुपात उकळलेला, दालचिनीचा लहानसा तुकडा टाकलेला हा काल्दियो. माझा जीव वरखाली! एवढी मेहनत, आणि भिजवायची? पण कटवडा आठवा. वडा कटात बुडतो तेव्हाच तो कटवडा होतो. कापेआदोचं तेच, ते रस्सा पिण्यासाठीच फुगलेलं असतं. पहिल्या घासाला आंबट रस्सा, मग अंड्याची मऊ जाळी, मग धुरकट मिरची, आणि शेवटी तुटता तुटेना अशी चीजची तार.

पोर्तुगीज जहाजांनी सोळाव्या शतकात गोव्याच्या वाटेने मिरची आपल्याकडे आणली. टोमॅटोही मेक्सिकोकडचाच. 'चिले' आणि 'टोमॅटो' हे दोन्ही शब्द तिथल्या नाहुआत्ल भाषेतले. आमच्या घरी फोडणीला रोज जे पडतं, त्याचं माहेर असं ताटात समोर होतं!

दोन उरल्या होत्या. उरलेली रेयेनो थंडच पावात घालून खातात, असं सेन्योरा जाताना सांगून गेल्या. सकाळी चहाआधीच मी पाव कापला.