माळीणची वाट

पुणे-नाशिक रस्त्याने मंचरला पोचले, की डावीकडे घोडेगावची वाट फुटते. पुढे डिंभे धरणाचे पाणी दिसू लागते आणि सह्याद्री अगदी अंगाशी येतो. श्रावण-भाद्रपदात इथली भातखाचरे अशी पोपटी होतात, की शहरच्या माणसाने गाडी थांबवून पाहतच राहावे. याच वाटेवर माळीण आहे. तिथे मात्र ‘काय सुंदर!’ हे शब्द ओठांवरच थिजतात.

३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा सुटला आणि गावाचा मोठा भाग चिखलाखाली गेला. गाव जागेवर नाही, ही बातमी प्रथम बाहेर नेली ती एस.टी.च्या चालकाने. १५१ माणसे गेली. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव वसले. २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. जुन्या जागी आता स्मृतिस्तंभ उभा आहे.

त्यावर गेलेल्यांची नावे आहेत. ती वाचताना मनात येते, की ज्यांनी ही माणसे चिखलातून बाहेर काढली त्यांचे पुढे काय झाले असेल? तळेगावजवळ तळ असलेले राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आठवडाभर या पावसात खपत होते. पहिल्या दिवशी एक आई आणि तिचे तीन महिन्यांचे तान्हे जिवंत सापडले. त्यानंतर हाती आली ती बहुतेक प्रेतेच. यंत्रे कितीही आणली, तरी देह उचलावा लागतो तो माणसाच्या हातांनी. आणि हात धुतले, म्हणून मन धुतले जात नाही.

२ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ आगगाड्यांचा भीषण अपघात झाला. याच दलाने तिथे ४४ जणांना वाचवले आणि १२१ मृतदेह बाहेर काढले. त्यानंतर दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी जाहीरपणे सांगितले, की एका जवानाला पाणी पाहिले तरी रक्त दिसते आणि दुसऱ्याची भूकच गेली आहे. अशा जवानांना मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य देण्यात आले.

आपल्या भाषेत शूरांसाठी विशेषणांची वाण नाही. पण शूर माणूस रात्री दचकून उठतो, त्याला चिखलाचा वास सोसत नाही, तो घरात असून नसल्यासारखा वागतो, याला आपण नाव दिले नाही. फार तर ‘हल्ली जरा चिडका झालाय’ म्हणतो. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या व्याधींच्या यादीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे नाव घातले. प्रत्येकाला ती जडते असे नाही. पुष्कळांचे मन काही आठवड्यांत थाऱ्यावर येते. ज्यांचे महिना उलटूनही येत नाही, त्यांनी डॉक्टरांकडे जावे. त्यात भित्रेपणा नाही. मोडलेला हात आपण बांधून घेतोच ना?

आणि आपण घरच्यांनी, शेजाऱ्यांनी काय करावे? असा माणूस परत आला, की ‘काय काय पाहिलंस, सांग ना!’ म्हणून त्याच्याभोवती कोंडाळे करू नये. बळेच बोलते करण्याने जखम भरत नाही. त्याला वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि बरोबरीच्या सोबत्यांची संगत मिळू द्यावी. तो आपणहून बोलू लागला, तर मध्ये उपदेश न करता ऐकावे.

पुढच्या पावसाळ्यातही कुठे तरी दरड कोसळेल, आणि हीच माणसे पुन्हा धावतील. त्यांच्यासाठी इतके तरी आपल्या हाती आहे.